पांढऱ्या शेवंतीचं स्वागत

ओव्हाळांच्या घरात जपान शिरला तो चपलांच्या वाटेने. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या त्या चाळीत दारासमोर चपला कशाही पडलेल्या असायच्या, एक इकडे तोंड करून, एक पालथी, आणि तशा त्या दिसल्या नाहीत तर घरात कुणी आहे की नाही अशी शेजाऱ्यांना शंका यायची. पण गेल्या वर्षापासून रवींद्र ओव्हाळ कामावरून आला की चपला काढायचा, मागे वळायचा, वाकायचा आणि त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवायचा. चोपन्नाव्या वर्षी, दुखरी कंबर घेऊन, स्वतःच्याच घरात. मुलगी आतून बघत असायची.

“पप्पा, नीट जोडीने. चिकटवून ठेवा.”

“अगं, जपानला तू चाललीयेस ना? मी कुठे चाललोय?”

“घरात सवय लागली नाही तर तिकडे कशी लागणार?”

अमृताकडे प्रत्येक गोष्टीला असं उत्तर तयार असायचं. चपलांनंतर कचरा आला. ओट्याखाली एक बादली होती, तिथे तीन पिशव्या लागल्या. जळणारा कचरा एकीत, प्लास्टिक दुसरीत, डबे-बाटल्या तिसरीत. दुधाची रिकामी पिशवी ती कापून, धुऊन दोरीवर वाळत घालायची. शेजारच्या गंगुबाईंनी एकदा विचारलंच, “काय गं, आता कचऱ्याला पण आंघोळ?” सकाळी घंटागाडी यायची आणि त्या तिन्ही पिशव्या एकाच ढिगात फेकून निघून जायची. अमृता दारात उभी राहून ते बघायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशव्या वेगळ्या करायची. चिकाटी आईची होती, दुसऱ्या कुणाची नव्हे.

मग फोनवर हळू बोलणं आलं. तिकडे भिंती पातळ असतात आणि शेजारी तोंडावर काही बोलत नाहीत, सरळ घरमालकाला कळवतात म्हणे. जेवताना भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. आंघोळीला बाहेर बसून साबण लावून आधी स्वच्छ व्हायचं, मगच टबातल्या गरम पाण्यात बसायचं, आणि त्याच पाण्यात घरातल्या सगळ्यांनी एकामागून एक. हे ऐकून रवींद्रची आई, आवडाबाई, खाटेवरून म्हणाल्या होत्या, “म्हंजे धुतल्यावर परत भिजायचं? आन् ते पण दुसऱ्याच्या पाण्यात? बामनं पळून जातील गं तिथून.” त्या दिवशी घर खूप हसलं होतं. तेव्हा अमृताची आई, विशाखा, होती.

हे सगळं रवींद्रनेच ओढवून घेतलं होतं. मोहन्याची कंपनी बंद पडल्यावर त्याने बरीच कामं धरली आणि सोडली, आणि शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात फिटर म्हणून टिकला. त्या वर्कशॉपासमोरच्या इमारतीत एक बोर्ड लागला: जपानमध्ये वृद्धांच्या सेवेसाठी प्रशिक्षण, भाषा आणि राहणीमानासह. त्याने घरी येऊन तो किस्सा म्हणून सांगितला. आता म्हातारी माणसं सांभाळायला पण परदेशात जायचं, असं म्हणून हसलासुद्धा. त्याची बायको हसली नाही. विशाखाने दुसऱ्याच दिवशी अमृताला घेऊन वागळे इस्टेट गाठलं.

तिथे शिकवायला उत्तरा दातार होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी दहा-बारा वर्षं जपानात राहून ठाण्याला परतलेल्या, साठी ओलांडलेल्या, आवाज न चढवता धाक ठेवणाऱ्या. भाषा दुसरं कुणी शिकवायचं, त्या शिकवायच्या जगायचं कसं ते. पासबुक कसं काढायचं, भूकंप झाला तर काय धरायचं, नव्या घरात राहायला गेल्यावर शेजाऱ्यांकडे छोटीशी भेट घेऊन कसं जायचं. अमृता त्यांचं बोलणं घरी येऊन जसंच्या तसं सांगायची.

मार्चमध्ये मुलाखत झाली. नागानोजवळच्या एका गावातल्या वृद्धाश्रमाच्या संचालिका, होशिनोसान, स्क्रीनवरून बोलल्या. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं. अमृताने सांगितलं, आई, वडील आणि आजी. आजीला उठता येत नाही, तिचं सगळं आई बघते. ते तेव्हा खरं होतं. मे महिन्यात विशाखाला ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या, आणि धडधाकट बाई आठवड्याच्या आत गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर अमृता पुन्हा वर्गाला जायला लागली. संस्थेच्या ऑफिसात हर्षित म्हणून एक मुलगा सगळी व्यवस्था बघायचा. वाईट नव्हता, पण धंद्यातला होता. तो म्हणाला, “हे बघ अमृता, तिकडे कळवायची गरज नाहीये. आई नाही, घरात आजारी आजी, म्हटल्यावर त्यांना वाटतं पोरगी सहा महिन्यांत परत पळेल. खोटं नको बोलूस. फक्त विषय काढू नकोस.” उत्तरा मॅडमना ते पटलं नव्हतं, पण त्या गप्प बसल्या. अमृताही गप्प बसली. घरी आईचं नाव निघेना आणि वर्गात काढता येईना, अशा दोन्हीकडच्या गप्पपणात तिचे तीन महिने गेले.

आणि मग निरोप आला की होशिनोसान स्वतः येतायत. निवडलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन आईवडिलांना भेटायचं आणि मगच सही करायची, ही त्यांची पद्धत. रविवारी सकाळी मोहन्याला. आईचं काय, असं विचारल्यावर हर्षितने तेही सोडवलं: “गावाला गेलीये म्हणा. नाहीतर काहीच म्हणू नका. त्या पंधरा मिनिटं बसतील, चहा पितील, निघतील.”

आता खरं ते सांगायला हवं, कारण रवींद्र ते कुणाजवळ बोलणार नव्हता. मुलगी जायला त्याला नको होती. वर्कशॉपात त्याने पेढे वाटले होते, चाळीत मान ताठ करून फिरला होता, सगळं खरं. पण विशाखा गेल्यापासून तो मनात घरच्या कामांचा हिशेब मांडत होता. आईला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, औषध देणं, आधी विशाखा करायची, आता अमृता. त्याने आजवर साधी डाळ शिजवली नव्हती. आणि कामाचं तरी एकवेळ जमेल, पण घरी आल्यावर बोलायचं कुणाशी? आवडाबाईंना ऐकू कमी येतं. मुलगी विमानात बसली की हे घर आपल्याला खायला उठणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

आणि हे थांबवायला होशिनोसानना सांगितलेलं एक वाक्य पुरे होतं. तेही खोटं नाही, चक्क खरं वाक्य. हा विचार आला की रवींद्रला स्वतःची लाज वाटायची. इस्पितळात विशाखाने त्याचं मनगट धरून सांगितलं होतं, “तिला जाऊ द्या हां. मागं ओढू नका.” तो हो म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार होता?

शनिवारी बापलेक घर आवरायला लागले. भिंतीवरचा विशाखाचा फोटो अमृताने उतरवला आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला. रवींद्र भिंत पुसत राहिला. मग जरा वेळाने, काहीतरी चांगलं करावं म्हणून असेल, तो म्हणाला, “अमू, बाकीचं सगळं तुझ्या मॅडमनी शिकवलं. पण स्वागत आपण आपल्या पद्धतीने करू. ते पण बौद्ध, आपण पण बौद्ध. बुद्धाचं घर कसं असतं ते त्यांना कुणी सांगायला नको.”

अमृतालाही ते पटलं. तिच्या वर्गात चालायचं, बसायचं, वाकायचं कसं ते शिकवलं होतं, पण ते सगळं त्यांच्या घरी गेल्यावर. आपलं घर त्यांच्या डोळ्यांना कसं दिसेल, याचा धडा कुणी घेतला नव्हता.

तेव्हा रविवारी पहाटे रवींद्र कल्याणच्या फूल मार्केटात गेला आणि पांढरी शेवंती घेऊन आला. बुद्धाच्या मूर्तीखाली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नवं पांढरं कापड अंथरलं. दोन्ही बाजूंना शेवंतीचे गुच्छ, समोर मेणबत्त्या, चंदनाच्या अगरबत्त्या. आवडाबाईंना पांढरं लुगडं नेसवलं, अमृता पांढऱ्या साडीत, रवींद्र पांढऱ्या शर्टात. त्यांच्यात काही चांगलं असलं की पांढरं. लग्नाला पांढरं, नव्या घरात जाताना पांढरं, चौदा एप्रिलला तर सगळी वस्ती पांढरी. घर इतकं छान दिसत होतं की गंगुबाई दारातून डोकावून म्हणाल्या, “रवी, आज विशाखा असायला पायजे होती रे.” रवींद्रने त्यांना खुणेनेच गप्प केलं.

होशिनोसान आल्या त्या उत्तरा मॅडमबरोबर. हर्षित गाडीत थांबला. बाई साठीच्या, आखूड पांढरे केस, साधी सुती पँट, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. चाळीतली पोरं मागे लागली होती, त्यांना त्या हसून हात करत होत्या. दारापाशी ओळीत लावलेल्या चपला बघून त्या आणखी हसल्या आणि अमृताला काहीतरी म्हणाल्या. अमृता लाजली. मग स्वतःचे बूट त्यांनी वळवून ठेवले आणि त्या आत आल्या.

आत आल्या आणि थांबल्या. चेहऱ्यावरचं हसू गेलं. पांढरी शेवंती, मेणबत्त्या, अगरबत्तीचा धूर, तीन माणसं पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी हातातली पिशवी हळूच खाली ठेवली, मूर्ती आणि तसबिरीसमोर गुडघे टेकून बसल्या, हात जोडले आणि खूप खाली वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. रवींद्रचा ऊर भरून आला. बघितलंस, असं त्याने डोळ्यांनीच अमृताला म्हटलं. पण अमृता मॅडमकडे बघत होती, आणि मॅडमचा रंग उडाला होता.

होशिनोसाननी वळून, तशाच बसल्या जागेवरून, अगदी हलक्या आवाजात काहीतरी विचारलं.

“काय म्हणतायत?” रवींद्रने विचारलं.

“त्या विचारतायत,” मॅडम म्हणाल्या, “घरात कोण गेलं?”

मॅडम घाईघाईने, पण आवाज खाली ठेवून पुढे बोलल्या, “अहो ओव्हाळ, चूक माझी आहे, मी आधी सांगायला हवं होतं. पांढरी शेवंती, उदबत्ती, पांढरं कापड, हे सगळं तिकडे घरात मयत झालं की असतं. पण घाबरू नका. मी सांगते त्यांना, ही तुमची स्वागताची रीत आहे म्हणून. ते खरंच आहे ना? आपण काही खोटं बोलत नाही.”

खरंच होतं ते. मॅडमनी एक वाक्य बोलायचं, सगळ्यांनी हसायचं, चहा घ्यायचा, सही व्हायची. अमृता वडिलांकडे बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि तिला काय हवंय ते रवींद्रला त्या चेहऱ्यावरून वाचता येईना.

“नको मॅडम,” तो म्हणाला. “विचारलंय तर सांगा. हिची आई गेली. मे महिन्यात.”

“ओव्हाळ, विचार करून...”

“सांगा. आणि हे पण सांगा की आता घरात कुणी बाई नाही. आई माझी अशी पडून. हिच्याशिवाय बघणारं कुणी नाही.”

शेवटचं वाक्य विचारलं नव्हतं. ते त्याने आपल्या पदरचं घातलं. मॅडमनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग सगळं जपानीत सांगितलं. अमृताने मान खाली घातली.

होशिनोसाननी अमृतालाच सावकाश काहीतरी विचारलं. अमृता उठली, कपाट उघडलं, साड्यांतून आईचा फोटो काढला आणि शेवंतीच्या मधोमध ठेवला. होशिनोसाननी मेणबत्तीवर एक अगरबत्ती पेटवली, तिची ज्योत फुंकर न मारता हाताने वारा घालून विझवली आणि लावली. विशाखाही फुंकर मारू द्यायची नाही. रवींद्रचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. अमृता तर तीन महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर यावं तशी रडायला लागली, मोठ्याने, अगदी मोहन्याच्या आवाजात, पातळ भिंतींची पर्वा न करता. आवडाबाई खाटेवरून विचारत राहिल्या, “काय झालं? नाही म्हणाल्या का त्या?”

मॅडमनी जाऊन त्यांचा हात धरला. होशिनोसानही खाटेपाशी आल्या, खाली बसल्या, म्हातारीच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या. त्यांनी मॅडमकरवी रवींद्रला विचारलं, आजी काय खातात? तो म्हणाला, भात, भाकरी, काय असेल ते. गोळी जेवणाआधी की नंतर? त्याला माहीत नव्हतं. अमृताने डोळे पुसत उत्तर दिलं. रात्री उठावं लागतं का? तेही अमृतानेच सांगितलं. प्रत्येक उत्तराला रवींद्रला वाटत होतं, झालं, आता नाहीच म्हणणार. आणि त्याला जे हलकं वाटायला लागलं होतं, ते त्याला आवडत नव्हतं, पण वाटत होतं.

चहा गार झाला होता. होशिनोसाननी तोच घेतला, कप खाली ठेवला आणि बोलल्या. उत्तरा मॅडम वाक्या-वाक्याने सांगत गेल्या.

“त्या म्हणतात, त्यांच्याकडे आलेल्या मुलींना घरी सगळं ठीक आहे असंच शिकवून पाठवलेलं असतं. मग कधीतरी एखादी रात्रपाळीला न्हाणीघरात बसून रडते आणि काय झालं ते सांगत नाही, कारण सगळं ठीक असतं. त्यांच्या आश्रमात दर महिन्याला कुणीतरी जातं. त्या माणसांजवळ बसायला लागतं. त्या म्हणतात, अमृताने आईजवळ बसून ते पाहिलंय, आणि तरी ती आजीचं करतेय. तिची जागा पक्की आहे. घरची सोय लावायला वेळ हवा असेल तर त्या वसंतापर्यंत थांबतील.”

गंगुबाई दाराबाहेर कान देऊन उभ्या होत्याच. जागा पक्की एवढे शब्द त्यांनी उचलले आणि चाळभर केले. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अमृता वाकून, पुन्हा पुन्हा वाकून आभार मानत होती. आणि रवींद्र तिथल्या तिथे, भिंतीला पाठ लावून, खाली बसला.

“पप्पा?”

“काही नाही.”

“पप्पा, काय झालं?”

“मॅडम,” तो म्हणाला. “त्यांना सांगा, मी चांगला माणूस म्हणून खरं नाही बोललो. मला वाटलं त्या नाही म्हणतील. नाही म्हणाव्या म्हणून बोललो मी. हिच्या आईला शब्द दिलेला, आणि तिच्याच मरणाचा आडोसा करून पोरीला अडवत होतो.”

उत्तरा मॅडमनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “हे मी नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “गरज नाही याची. झालं ते चांगलं झालं.”

“मी सांगते,” अमृता म्हणाली.

ती वडिलांसमोर बसली, होशिनोसानकडे तोंड करून. शब्द शोधत, मध्येच थांबून, पण एकही वाक्य न गाळता तिने ते सगळं जपानीत सांगितलं. रवींद्रला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की आपली लाज आपली पोर परक्या भाषेत मांडतेय, आणि तिच्या आवाजात राग नाही. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

होशिनोसाननी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, समजूतही घातली नाही. रवींद्रकडे सरळ बघत एकच छोटा प्रश्न विचारला.

“त्या विचारतायत,” अमृता म्हणाली, “ते तेव्हा वाटलं. आता तुम्हाला काय वाटतं?”

रवींद्रने पोरीकडे पाहिलं. रडून नाक लाल झालेलं, पांढऱ्या साडीच्या निऱ्या विस्कटलेल्या. नको जाऊस, हे अजूनही त्याच्या तोंडाशी होतं, आणि आता तर ते बोलायला कुणाची आडकाठीही नव्हती. त्याने खाटेवरच्या आईकडे पाहिलं.

“आईचं मी शिकून घेईन,” तो म्हणाला. “वसंतापर्यंत येईल मला. घेऊन जा म्हणावं हिला.”

अमृताने तोंड उघडलं. एक शब्द जपानीत आला, दुसरा आलाच नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, मान हलवली आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. शेवटी ते वाक्य उत्तरा मॅडमनाच सांगावं लागलं.